‘प्रार्थनेत आठवण करतो’ म्हटल्यानंतरची कामं

रविवारी चर्चमध्ये उपासना सुटली की आवारात गाड्या काढता काढता विचारपूस होते. कुणाचे वडील ॲडमिट आहेत, कुणाची नोकरी गेलीय. समोरचा म्हणतो, ‘प्रार्थनेत आठवण करतो हं,’ आणि गाडी चालू करतो. मनात खोट नसते, पण बुधवारपर्यंत ना प्रार्थना झालेली असते, ना एखादा फोन. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (२:१५-१६) नेमकं हेच उदाहरण आहे. उघड्या-उपाशी भावाला कुणी ‘सुखाने जा’ म्हणून वाटेला लावतो आणि हातावर काहीच ठेवत नाही. तिथे बोललेले शब्द वाईट नाहीत, त्यांच्या मागे काही नाही एवढंच.

म्हणून साधी सवय लावून घ्यावी. मदतीचं वाक्य तोंडातून निघेल तेव्हा त्यात काय, केव्हा आणि कोण या तिन्ही गोष्टी असाव्यात. ‘काही लागलं तर सांगा’ यात तिन्ही नाहीत आणि मागण्याचं ओझं पुन्हा अडचणीतल्या माणसावरच पडतं. मराठी माणूस असं सहसा मागत नाही. त्याऐवजी, ‘उद्या दुपारी साडेबाराला मी डबा घेऊन येते, दोघांचा आणू की तिघांचा?’ इथे समोरच्याला फक्त आकडा सांगायचा असतो. ‘शुक्रवारी मुलांना शाळेतून मी आणतो’, ‘रात्रीची पाळी आज माझा भाऊ करेल, दहाला पोचेल’ ही अशीच वाक्यं. आणि जमणार नसेल तर ‘या आठवड्यात जमणार नाही’ असं स्वच्छ सांगावं. होय म्हणजे होय, नाही म्हणजे नाही असं प्रभू येशूने सांगितलंय (मत्तय ५:३७). भिडेपोटी दिलेला होकार शेवटच्या क्षणी फिरतो, तेव्हा डब्याची वाट पाहणारा उपाशी राहतो.

प्रार्थना करतो म्हटलं असेल तर शक्यतो तिथेच, उभ्या उभ्या, दोन वाक्यांत करावी. ते अवघड वाटत असेल तर फोनमध्ये नावासमोर वाराचा गजर लावावा. त्या दिवशी प्रार्थना झाल्यावर एकच ओळ पाठवावी: ‘आज सकाळी तुमच्या वडिलांसाठी प्रार्थना केली. काल रात्र कशी गेली?’

प्रार्थनेचा विषय की घरची भानगड

बोलण्यातली सगळ्यात मोठी पडझड शिवीगाळीत होत नाही, प्रार्थना सभेत होते. ‘अमक्या ताईंसाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी सध्या फार चाललंय, मुलगा रात्री उशिरा येतो, तुम्हाला तर माहितीच आहे.’ डोळे मिटायच्या आत बारा घरांना बातमी पोचलेली असते. हीच गोष्ट कट्ट्यावर कुणी बोललं असतं तर आपण तिला कुचाळकी म्हटलं असतं. प्रार्थनेच्या वेष्टनात ती पवित्र वाटते, म्हणून जास्त पसरते.

यावर उपाय आहे, पण तो सगळ्या गटाने मिळून पाळावा लागतो. ज्याच्याबद्दल विषय आहे त्याला आधी विचारायचं: ‘सभेत तुमच्यासाठी प्रार्थना मागू का? नाव घेऊ की नको? किती सांगू?’ परवानगी मिळाली नाही तर घरीच प्रार्थना करावी, देवाला पत्ता लागतो. परवानगी मिळाली तर गरज सांगावी, कारण सांगू नये. ‘एका कुटुंबाला आर्थिक अडचण आहे’ पुरेसं आहे. कर्ज कुणाकडून, कशासाठी, व्याज किती, हे प्रार्थनेला लागत नाही. आजाराचं नाव, नवरा-बायकोतलं भांडण, लग्न मोडणं, मुलाचं व्यसन या चार गोष्टी तर त्या माणसाने स्वतः तोंडाने सांगितल्याशिवाय कधीच नाहीत.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर हे दुप्पट कडक पाळावं, कारण तिथलं वाक्य उचलून दुसऱ्या ग्रुपवर टाकायला दोन सेकंद लागतात. रिपोर्टचा फोटो, अतिदक्षता विभागातल्या माणसाचा नळ्या लावलेला फोटो, अपघाताचा व्हिडिओ टाकू नये. ॲडमिनने काढून टाकावा आणि टाकणाऱ्याला ग्रुपवर न झापता खासगीत फोन करावा. गटात कुणी सांगायला लागलंच तर त्याला थांबवण्यासाठी एक वाक्य तयार ठेवावं: ‘ताई, एवढं पुरे, आपण आता प्रार्थनाच करू.’ हे हसतमुखाने, पण लगेच म्हणावं लागतं. पाच मिनिटं ऐकून घेतल्यावर म्हटलं तर त्याला अर्थ राहत नाही.

तक्रार असेल तर वाट ठरलेली आहे (मत्तय १८:१५-१७). आधी एकट्याने त्याच्याकडे जायचं, ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर न्यायचं, मग मंडळीला सांगायचं. आपल्याकडे ही वाट बरोबर उलटी चालते. आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग पाळकसाहेबांना, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यांच्या शेवटी.

आणखी एक प्रश्न आपल्यात सर्रास विचारला जातो: ‘आडनाव काय? मूळचे कुठले?’ गावाची चौकशी म्हणून विचारलं तर ठीक. पण बहुतेक वेळा त्यामागे जात चाचपण्याचा हेतू असतो, आणि विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ते कळतं. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्यांनी हा प्रश्न सोडून द्यावा. ‘कुठे राहता, यायला किती वेळ लागतो?’ एवढ्यानेही ओळख होते.

क्षमा मागताना

क्षमेचं वाक्य ‘पण’ आला की फुकट जातं. ‘चुकलं माझं, पण तुम्हीही…’ ही क्षमा नव्हे, दुसरी फेरी आहे. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यात तर चूक ऐकणाऱ्याच्या मनावर ढकललेली असते. चांगल्या क्षमेत काय केलं ते नेमकं सांगितलेलं असतं, आणि भरपाई काय करणार तेही: ‘परवा कमिटीच्या बैठकीत मी तुम्हाला सगळ्यांसमोर तोडून बोललो. चूक माझी होती. पुढच्या बैठकीत मी ते सगळ्यांसमोरच सांगतो.’ चारचौघांत अपमान करून क्षमा मात्र जिन्यात कुजबुजायची, हे चालत नाही. जकातदार जक्कयाने तर लोकांकडून फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हटलं होतं (लूक १९:८). समोरचा लगेच विरघळला नाही तर त्याला वेळ द्यावा. ‘मी तर माफी मागितली, आता त्याचं तो बघेल’ म्हटलं की मागितलेली माफी वाया गेली.

पुण्यात खवचटपणाला विनोदाचा दर्जा आहे, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रिक्षाच्या भाड्यावरून, दुकानात सुट्ट्या पैशांवरून टोमणा सहज निघतो. टोमणा मारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघावं. तो हसला नाही तर तो विनोद नव्हता.

घरी कामाला येणाऱ्या मावशींशी आपण कसं बोलतो हे मुलं रोज बघत असतात. ‘तुम्ही’ म्हणावं, नावाला मावशी किंवा ताई जोडावं, चहा आपल्याच कपात द्यावा. पगार ठरल्या तारखेला द्यावा. सुट्टे नाहीत, उद्या देते, असं करत आठवडा लोटू नये. मजुराची मजुरी सूर्यास्ताच्या आत द्यावी असं बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात आहे (२४:१५). आणि नाताळच्या दिवशी त्यांना भरपगारी सुट्टी हवीच, तशीच त्यांच्या दिवाळीलाही.

कुणाच्या घरी मृत्यू झाला तर

इथे कमी बोलणारा माणूस जास्त उपयोगी पडतो. बायबलमधल्या ईयोबाची मुलं गेली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत (ईयोब २:१३). त्यांचं बिघडलं ते नंतर, कारणं समजावून द्यायला लागल्यावर. ‘देवाची इच्छा होती’, ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’, ‘विश्वास ठेवला असता तर वाचले असते’, ‘तू आता खंबीर राहा, रडू नको’ ही वाक्यं तोंडापर्यंत आली तरी गिळावीत. त्याऐवजी गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं आणि त्याची खरी आठवण सांगावी, ती कितीही लहान असली तरी. आठवण नसेल तर ‘फार वाईट झालं, मी इथेच बसलोय’ पुरेसं आहे. पुनरुत्थानाच्या आशेविषयी दफनविधीत पाळक किंवा फादर बोलतातच. सोफ्यावर बसलेल्या बाराव्या माणसाने ती पुन्हा ऐकवायची गरज नसते.

हाताने करण्यासारखं मात्र भरपूर असतं. येणाऱ्यांसाठी चहा, पाण्याचे ग्लास, दाराशी चपलांची जागा, म्हाताऱ्यांसाठी चार खुर्च्या, लहान मुलांना घेऊन जाणारं एक घर. दफनभूमीची परवानगी आणि शवपेटी बघायला एकच माणूस नेमावा. तिघे जण तीन ठिकाणी फोन करतात तेव्हा एक काम दोनदा होतं आणि एक राहूनच जातं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर रुग्णालय कळवतं, घरी झाला असेल तर डॉक्टरांचा दाखला घेऊन घरच्यांनाच नोंद करावी लागते. दाखल्यावरच्या नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून बघावं. एक अक्षर चुकलं तरी बँक आणि विमा दोन्ही अडतात आणि दुरुस्तीला खेपा पडतात. प्रती एकदमच आठ-दहा काढून ठेवाव्यात.

पहिला आठवडा घर भरलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यापासून ते रिकामं होतं आणि खरी गरज तिथून सुरू होते. म्हणून कॅलेंडरवर तीन तारखा आजच लिहून ठेवाव्यात: तीन आठवड्यांनंतरची, पहिल्या नाताळची आणि वर्षदिनाची. त्या दिवशी फोन नको, प्रत्यक्ष जावं.

रुग्णालय

पुण्यात हे काम कधीच संपत नाही. स्टेशनजवळचं ससून रुग्णालय १८६७ साली ज्यू दानशूर डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं. आज तिथे बीड, सोलापूर, लातूर, धाराशिवकडून रुग्ण येतात, आणि त्यांचे नातेवाईक वऱ्हांड्यात चटई टाकून राहतात. रुग्णाची सोय वॉर्डात होते, हाल होतात ते नातेवाइकाचे. म्हणून डबा त्याच्यासाठी न्यावा. रुग्णाला काहीही भरवायचं असेल तर आधी सिस्टरना विचारावं, कारण ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या माणसाला आपण प्रेमाने दिलेली दोन बिस्किटं ऑपरेशन पुढे ढकलायला लावतात.

दोन माणसांच्या एका जेवणाला सहा-सात पोळ्या, दोन वाट्या कोरडी भाजी, एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, कांदा-लिंबू आणि पाण्याची बाटली पुरते. भात शक्यतो टाळावा. शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिला की धोक्याचा, विशेषतः उन्हाळ्यात. पातळ रस्सा सांडतो आणि खायला ताट लागतं. नेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: आज उपास आहे का, शाकाहारी आहात का, मधुमेह आहे का. न विचारता मटण नेलं आणि तो श्रावणी सोमवार निघाला तर डबा तसाच राहतो आणि पुढच्या वेळी ते लोक नको म्हणतात. डबा परत हवा असेल तर तसं सांगावं आणि आपणच घ्यायला जावं. खरं तर साध्या डिस्पोजेबल डब्यात नेलेलं बरं.

आणि कुणी आपल्या हातचं खायला नको म्हटलं तर राग धरू नये. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या नुसत्या चहावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडेही त्यातून सुटले नाहीत. आता ते दिवस गेले, पण कुणाकुणाच्या घरी अजून संकोच असतो. केळी, शहाळं, सीलबंद दूध सगळ्यांना चालतं. नाताळचा फराळ शेजाऱ्यांना देताना केकमध्ये अंडं आहे की नाही तेही सांगून द्यावं, आणि शाकाहारी घरासाठी करंज्या-शेवेची वेगळी पिशवी करावी.

भेटायला जाताना आधी फोन करावा, वेळ विचारावी, पंधरा मिनिटांत उठावं. पलंगावर बसू नये, सर्दी-खोकला असेल तर जाऊ नये. प्रार्थना करू का हे विचारावं, आणि उत्तर ‘नको’ आलं तर दुसऱ्यांदा विचारू नये. ‘हो’ आलं तर हळू आवाजात, एका मिनिटात. शेजारच्या खाटेवरचा माणूसही आजारी आहे, त्याने आपली प्रार्थना ऐकायचं कबूल केलेलं नाही. औषधाबद्दल मात्र एक अक्षर बोलू नये. ‘प्रभूने बरं केलंय, आता गोळ्या कशाला’ या वाक्याने क्षयाचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, फिट येणाऱ्याला पुन्हा फिट येते, मानसिक आजाराचा रुग्ण पुन्हा खाली घसरतो. असा सल्ला कुणी देत असेल, अगदी व्यासपीठावरून देत असेल, तरी रुग्णाला बाजूला घेऊन सांगावं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेलिमानस या समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. तो चिठ्ठीवर लिहून द्यावा.

पैशांपेक्षा कागदांची मदत कितीतरी मोठी ठरते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, आणि तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यावं लागतं. बहुतेकांचं चुकतं ते वेळेत. बिल हातात पडल्यावर, डिस्चार्जच्या दिवशी धावाधाव होते. दाखल केलं त्याच दिवशी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना किंवा मेडिकल सोशल वर्करना गाठावं. सोबत रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असावा. दाखला गावाहून यायचा असेल तर कुणाला तरी त्याच दिवशी तहसीलला पाठवावं. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात रुग्णांना मदत करायला आरोग्यमित्र बसतात. योजनेत मंजुरी घ्यावी लागते, म्हणून त्यांना रोख भरण्याआधी भेटावं. आधार आणि रेशनकार्डावरची नावं जुळत नसतील तर तेही पहिल्याच दिवशी उघड होतं. ज्याला फॉर्म भरता येतो आणि काउंटरवर आवाज न चढवता तासभर उभं राहता येतं, अशा एका माणसाची मंडळीला दहा हजारांच्या निधीपेक्षा जास्त गरज आहे.

पैसे द्यायचेच असतील तर रुग्णालयाच्या किंवा औषधाच्या काउंटरवर भरावेत, पावती रुग्णाच्या नावावर घ्यावी आणि त्यांच्याच हाती द्यावी. उसने आणि मदत यांची सरमिसळ करू नये. ‘जमेल तेव्हा द्या’ म्हणून दिलेले पैसे दोन्ही बाजूंना टोचत राहतात आणि शेवटी ते कुटुंब आपल्याला टाळायला लागतं, उपासनेलाही यायचं थांबतं. परत नको असतील तर ‘हे परत द्यायचे नाहीत’ हे शब्द उच्चारावेत. परत हवे असतील तर तारीख लिहून घ्यावी. वर्गणी गोळा केली असेल तर दोघांनी मिळून मोजावी, हिशेब एका पानावर लिहावा आणि कुणी किती दिले हे वाचून दाखवू नये.

मदत आणि सुवार्ता

डब्यात धर्मप्रसाराची पत्रिका ठेवू नये. हे स्पष्ट लिहायला लागतं, कारण चांगल्या मनाची माणसंही तसं करतात. उपाशी माणसाला नकार देण्याची मोकळीक नसते, आणि ज्याला नकार देता येत नाही त्याच्यापुढे ठेवलेली श्रद्धा म्हणजे सौदा. पुण्याला याची जुनी आठवण आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदासदन या विधवा आणि मुलींच्या शाळेतून १८९३ मध्ये पालकांनी मुली काढून नेल्या आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ते धर्मप्रसाराच्या संशयावरूनच. त्याच रमाबाईंनी पुढे दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणून सांभाळल्या, त्यांना शिकवलं, छापखान्याचं काम हाती दिलं. रमाबाई उघड ख्रिस्ती होत्या, तरी संशयाची ती सावली अजून आपल्या प्रत्येक डब्यावर पडते. ती आपल्या वागण्यानेच हटवावी लागते.

कुणी आपणहून विचारलं, ‘तुम्ही हे का करता?’, तर लाजायचंही कारण नाही. दोन-तीन वाक्यांत, आपल्या शब्दांत सांगावं आणि थांबावं. पेत्राने उत्तर सौम्यतेने द्यायला सांगितलंय (१ पेत्र ३:१५), भाषण द्यायला नाही. त्यांच्या देवाबद्दल, वारीबद्दल, उपासाबद्दल वाकडा शब्द नको. पुढचा प्रश्न त्यांच्याकडून आला तरच बोलणं पुढे न्यावं. नाही आला तरी उद्याचा डबा साडेबारालाच पोचला पाहिजे.

रस्त्यावर अपघात दिसला तर

वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या दयाळू शोमरोन्याची गोष्ट (लूक १०) पाठ असणाऱ्यांनाही पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून पुढे जावंसं वाटतं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या जखमेसाठी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही.

आधी स्वतःची गाडी कडेला, इंडिकेटर चालू. मग १०८ ला फोन. ठिकाण सांगताना रस्त्याचं नाव, दिशा आणि जवळची खूण सांगावी: ‘सोलापूर रस्ता, हडपसरकडे जाताना, अमुक पेट्रोल पंपासमोर.’ नुसतं ‘हडपसरजवळ’ म्हटलं तर रुग्णवाहिका उलट्या बाजूला येते आणि पुढचा यू-टर्न शोधण्यात मिनिटं जातात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल किंवा ओढणी जखमेवर घट्ट दाबून धरावी, दहा मिनिटं उचलून बघू नये. कापड भिजलं तर काढू नये, त्यावरच दुसरं ठेवावं. मान हलवू नये, ओढून बसतं करू नये, पाणी पाजू नये. श्वास अडत नसेल तर हेल्मेटही तसंच राहू द्यावं. गर्दीतल्या एकाकडे बोट दाखवून काम सांगावं, ‘तुम्ही, निळा शर्ट, गाड्या थांबवा.’ सगळ्यांना मिळून सांगितलं तर कुणीच हलत नाही. जखमी माणूस शुद्धीवर असेल तर त्याच्याशी हळू बोलत राहावं, नाव विचारावं, घरचा नंबर विचारून स्वतः फोन लावावा. त्या फोनवर ‘अपघात झालाय, रुग्णवाहिकेने अमुक रुग्णालयात नेतायत, तुम्ही सरळ तिथेच या’ एवढंच सांगावं. किती लागलंय याचा अंदाज सांगू नये.

शोमरोन्याने धर्मशाळेत दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला. तसं दुसऱ्या दिवशी एक फोन करून चौकशी करावी. रक्त लागत असेल तर १८ ते ६५ वयाचे, किमान ४५ किलो वजनाचे आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असलेले दाते लागतात, पुरुषाच्या आधीच्या रक्तदानाला तीन महिने आणि स्त्रीच्या चार महिने झालेले असावेत. तरुण संघाने अशा दात्यांची रक्तगटासह आणि शेवटच्या रक्तदानाच्या तारखेसह यादी करून दर तीन महिन्यांनी नवी करावी. जुन्या यादीवरचे निम्मे नंबर बंद लागतात.